बाळसं

खड्डा अजून तसाच होता — नर्सताईंनी अंगठा दाबून उचलला, शेजारच्या खाटेकडे वळल्याही, तरी लेकीच्या पावलावरचा तो वाटाण्याएवढा खळगा भरून यायचं नाव घेत नव्हता... आणि धाकट्याला पाजता पाजता ती त्या खळग्याकडे बघत राहिली. "हे बाळसं नाही, सूज आहे. कुपोषणाची," दवाखान्यातल्या पहिल्याच दिवशी नर्सताई म्हणाल्या होत्या.

सूज. अडीच वर्षांच्या या पोरीला सासूबाई कौतुकानं गब्बू म्हणायच्या. शेजारणी गाल ओढून विचारायच्या, "काय खाऊ घालतेस गं हिला?" — आणि आपण मनातून फुलायचो. काय घालत होतो? धाकटा पोटात राहिला तसं हिला अंगावरून तोडलं. मग भाताचं पाणी, कधी चहात बुडवलेला पाव. रडायची नाही. दिवसभर कोपऱ्यात बसून असायची, आणि आपण चारचौघींत सांगायचो — माझी लेक त्रास म्हणून देत नाही...

वजन केलं. चार दिवसांत पाऊण किलो उतरलं होतं. ती नर्सताईंकडे वळली.

"ताई, इथं आणून वाळवलीच की हो पोर!"

"अंगातलं पाणी गेलं. आता खरं वजन कळतंय," तक्त्यावर लिहीत नर्सताई म्हणाल्या. "दर दोन तासांनी दिलंय तेवढंच दूध. जीव तुटला तरी घोटभर जास्त नाही. एकदम भार सोसत नाही या मुलांना."

खरं. गाल ओसरले होते आणि आतून एक अनोळखी, म्हातारं तोंड वर आलं होतं — अनोळखी कुठलं, हेच होतं, इतके महिने हेच. आपणच वरच्या फुगवट्याचे पापे घेत होतो.

दुपारचं दूध पोर सावकाश प्याली. रिकामा पेला ती बाजूला घेऊ लागली, तर काटकुळी बोटं त्याच्या काठाला चिकटली. तिनं ओढला. आणि पोर किंचाळली — कितीतरी महिन्यांनी — तिच्या मनगटावर नखं ओढून किंचाळली. धाकटाही दचकून रडू लागला.

"दे गं काहीतरी," शेजारच्या खाटेवरची आजी कळवळली. "लेकरू तडफडतंय."

उशीखाली सासूबाईंनी दिलेला बिस्किटांचा पुडा होता. तिचा हात तिकडे गेला... पुड्याचा कागद चुरचुरला... हात तिथंच थांबला.

"रडू द्या!" दारातून नर्सताई चक्क हसत होत्या. "चार दिवस याच रडण्याची वाट बघतेय मी."

तिनं उशीखालून हात काढला, पोरीला जवळ घ्यायला पुढे केला. पोरीनं तो झिडकारला, आणि रडता रडता थेट तिच्याकडे बघितलं. रागावलीय — रागवायला आता अंगात जीव आलाय. आत अजून किती साठलं असेल, कधी सरेल, सरेल तरी का... तिनं धाकट्याला खाटेच्या कडेला निजवलं आणि पोरीसमोर, तिची नखं पोचतील इतक्या जवळ, सरकून बसली.