नापास झालेला भाग

प्रभाने टीव्हीचा रिमोट तांदळाच्या डब्यातून काढला, पदराला पुसला आणि मुलाच्या मुलीच्या, श्रुतिकाच्या हातात दिला.

"आजोबा बाजारातून यायच्या आत बघून घे गं बाई. आणि आवाज बारीक ठेव."

रिमोट तिथे लपवला होता प्रल्हादरावांनीच. तांदळाचा डबा घरात रोज कोण उघडतं, एवढंही ज्या माणसाला सुचत नाही, तो म्हणे गुप्तहेराच्या मालिकेची परीक्षा घेणार!

पण परीक्षा घेत होते खरे. ती जुनी मालिका त्या वर्षी पुन्हा सुरू झाली होती. एकच भाग शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी लागायचा. शनिवारी प्रल्हादराव दार लावून एकटे बघायचे आणि कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायचे, पास. मग रविवारी सगळ्यांनी बघायचं. रेल्वेत तीस वर्षं तिकिटं तपासली, निवृत्तीनंतर डहाणूतल्या या घरात तपासायला दुसरं काय उरलं होतं?

गेल्या रविवारी तीन खून पास झाले होते, त्यातला एक तर कोयत्याने. आणि आजच्या रविवारच्या चौकटीत, नापास. प्रभाला काही केल्या उलगडा होईना. रक्ताहून वाईट असं काय असणार?

भाग सुरू झाला. एका म्हाताऱ्याची मुलगी बेपत्ता. खून नाही, दारू नाही, कुणी कुणाचा हातसुद्धा धरत नव्हतं.

"आजी, यात घाण कुठंय?" श्रुतिकाने विचारलं.

"मलाही तेच कळत नाहीये."

शेवटी गुप्तहेर म्हाताऱ्यासमोर बसला. मुलगी शेजारच्याच गावात नांदत होती, आणि म्हाताऱ्याला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. तिचा पत्ता त्याच्याच खिशात होता. त्याला फक्त कुणीतरी सोबत हवं होतं. म्हातारा ओक्साबोक्शी रडायला लागला.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने, वर्षाने, रानशेतच्या नविनशी लग्न केलं, त्या दिवसापासून या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. रानशेत काही लांब नाही. पण कोण जाणार?

दार वाजलं. प्रल्हादराव चिकूची पिशवी घेऊन आत आले. टीव्हीवर नावं सरकत होती. प्रभाने रिमोट लपवला नाही.

"पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं. नापास का केलात, अहो?"

खाली बसून प्रल्हादराव पिशवीतले चिकू उगाच जमिनीवर मांडत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

प्रभाने धीर केला. "रानशेतची एसटी किती वाजता असते, ते विचारायला हवं कुणाला तरी."

"अकरा चाळीस," ते मान वर न करता म्हणाले. "रविवारी दहा मिनिटं उशिरा सुटते. परतीची चारला."

प्रभा बघतच राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा माणूस कधी एसटीत चढलेला तिने पाहिला नव्हता.

"आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

प्रल्हादरावांनी चिकू परत पिशवीत भरले.

"चपला घाल," ते श्रुतिकाला म्हणाले.