घंटीची जागा

सीडीच्या कडेला केसाएवढा ओरखडा होता, उजेडात तिरकी धरली तरच दिसणारा... तो त्याने पाहिला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि ओरखडा पुसून जात नाही हे ठाऊक असूनही पुन्हा पुसला. दोष सीडीत नव्हताच. घरचा प्लेअर म्हातारा झाला होता, मंद झाला होता, शेवटची घंटी गिळायला लागला होता. वर्षभर तो हेच सांगत होता आणि बायको मान डोलावत होती. म्हणून तर रविवारची दुपार मोडून दोघं या दुकानाच्या आतल्या खोलीत येऊन बसली होती. जाड पडदे, दोन उंच स्पीकर, आणि समोर ओळीने मांडलेले तीन प्लेअर. खिशाला परवडेल आणि कानाला खुपणार नाही असा हवा, असं त्याने दारातच सांगितलं होतं. दुकानदार म्हणाला होता, "काका, सगळे असंच म्हणतात."

म्हणत असतील. पण सगळे काही कानावर पोट भरत नाहीत. हा भरत होता. चिनी मातीच्या कपबशांच्या कारखान्यात तो तपासनीस; भट्टीतून निघालेला प्रत्येक कप लाकडी काडीने वाजवायचा. चांगला कप टणत्कारतो, तडकलेला भद्द बोलतो, मग तो तडा डोळ्यांना दिसो वा न दिसो. कारखान्यात त्याला कानसेन म्हणत, थोडं चेष्टेनं आणि पुष्कळसं मानानं. त्याने बाद केलेला कप दुसऱ्या कुणी वाजवून पाहायचा नाही, ही तिथली रीत होती. बाद म्हणजे बाद.

"तिन्हींचा आवाज एकसारखा लावतो," दुकानदार म्हणाला, "नाहीतर जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो."

माणूस जाणता दिसतोय, त्याने मनात कबूल केलं आणि डोळे मिटले. पहिला प्लेअर जुना, वापरलेला, जडशीळ. व्हायोलिनं चढली, उतरली, थांबली. मग ती शांतता, आणि शांततेच्या शेवटी एकदाच वाजणारी पोलादी त्रिकोणाची बारीक घंटी. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून ही सीडी आणली होती. एकाच चटईवर बसून दोघं त्या घंटीची वाट पाहायची, आणि घंटी वाजली की बायकोची डावी भुवई आपसूक वर जायची. तिला ते कळायचंही नाही. त्या शांततेला ताल नव्हता, मोजता यायची नाही. पुढच्या क्षणी वाजेल असं म्हणावं आणि हटकून चुकावं. त्यावर दोघांच्या पैजाही लागायच्या...

घंटी आली नाही. दुसरा, नवा कोरा, त्यावरही नाही. त्याला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. हल्लीचा मालच तसला.

"आता हा," दुकानदाराने तिसरा सुरू केला. "सिनेमे बघायचा साधा प्लेअर. पण याचा आवाज एका तारेने थेट अँप्लिफायरला दिला की पुढचं काम तोच करतो. डोळे मिटून ऐकलं तर लोकांना फरक कळत नाही."

लोकांना! यासाठी काय डोळे मिटायचे, म्हणून तो बायकोकडे बघत राहिला. ती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, जरा कंटाळलेली. व्हायोलिनं थांबली. शांतता. आणि तिची डावी भुवई वर गेली.

"यावरही नाही," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं.

"काय नाही, काका?"

"घंटी. शेवटची."

दुकानदार गोंधळला. "असं कसं? तिन्हींवर लख्ख वाजली की. काकू, तुम्हाला?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "नाही हो," ती म्हणाली. "मलाही नाही आली ऐकू."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात. त्याच्या पायाखाली चांगला जाड गालिचा होता, तरी त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती खोटं बोलत होती. आत्ताच नव्हे, वर्षभर — "मंद वाजतोय ना गं?" असं तो विचारायचा, ती "हो, जरा मंदच" म्हणायची, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तिची भुवई... गेली असणार वर, रोज गेली असणार, त्याने पाहिलं नव्हतं इतकंच. तिला राग येईल तर बरं, कीव यायला नको, असं काहीतरी वेडंवाकडं त्याच्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग, धक्का देऊन, कप आले.

छोटे कप. बाद होत होते ते फक्त छोटे, वरच्या फळीवर भाजलेले, बारीक आवाजाचे. खालच्या फळीवरचे मोठे वाडगे खणखणीत बोलत होते. म्हणून त्यानेच निदान केलं होतं की वर आच जास्त लागतेय, भट्टीवाल्याचं लक्ष नाही. भट्टीवाला, ज्याला सगळे बंब म्हणत, काकुळतीला येऊन म्हणाला होता, "भट्टी तीच, हात तोच, साहेब. मातीत काही असेल." आणि याने सुनावलं होतं, सगळ्यांच्या देखत, "नाचता येईना, अंगण वाकडं." काय हशा पिकला होता. बंबही हसला, थोडा उशिरा. उद्या सकाळी मॅनेजर विचारणार होते की बंबाला ठेवायचं की काढायचं, कानसेन सांगतील तसं.

"मग काका, कुठला देऊ?"

"सगळ्यात स्वस्त," तो म्हणाला. "हा सिनेमाचा."

बायकोने झटकन वर पाहिलं. वर्षभर प्लेअरांचा कीस पाडणारा हा माणूस... तिला कळलं असावं. परतताना खोकं त्याने स्वतः उचललं. ती अर्धं पाऊल मागे चालत होती आणि एरवी सगळ्या रस्ताभर बोलणारी ती, वळणावर फक्त "सांभाळून" म्हणाली.

घरी तिने चहा टाकला. तो मांडणीसमोर उभा राहिला. तिथे बाद कपांची रांग होती, प्रत्येकाच्या बुडाशी त्याच्या हातची पेन्सिलची फुली. फोडून टाकायच्या आधी दया येऊन आणलेले. महिनोन् महिने त्यांतून चहा प्यायला जात होता आणि एक थेंब कधी पाझरला नव्हता. "बाद असून नशीबवान," असा विनोद तो पाहुण्यांना ऐकवायचा.

त्याने कप टेबलावर मांडले. खिशातली काडी काढली.

"अगं, इकडे ये. बस समोर."

"चहा उतू जाईल."

"जाऊ दे."

ती बसली. त्याने पहिला कप वाजवला. भद्द. पण तो कपाकडे पाहत नव्हता. तो तिच्या कपाळाकडे पाहत होता, आणि तिथे डावी भुवई वर गेली. दुसरा. गेली. तिसरा... तिने ओठ दाबले, भुवया धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण ती काय तिच्या हातातली गोष्ट होती? चौथ्याला तिचे डोळे भरून आले आणि भुवई तरीही वर गेली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही किती हौसेनं ऐकत होतात हो," ती म्हणाली. "कसं सांगायचं?"

एक कप उरला होता. त्याच्या बुडाशी फुली जरा ठळक होती. याच्याबद्दल त्याची बंबाशी हुज्जत झाली होती. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला; दोघंही उठली नाहीत. हा एक खरोखर तडकलेला निघावा, एवढा एक तरी, असं त्याला फार, फार वाटलं. आणि असं वाटल्याची त्याला जी लाज वाटली, तशी आयुष्यात कशाचीच वाटली नव्हती. काडी कपाच्या काठाजवळ धरून तो बसून राहिला आणि तिच्या कपाळावरून नजर काढायचा धीर त्याला होईना.