हिरवळीतलं टक्कल

लॉरेनाने दोरी ओढून पिंजरा पाण्याबाहेर काढला आणि दोन्ही हातांनी गदागदा हलवला. काळा गाळ खाडीत गळून पडला, आतली कालवं खुळखुळली. त्यातलं एक उचलून तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. शिंपला घट्ट मिटलेला. जिवंत होतं.

"देवा, तुझी कृपा," ती पुटपुटली आणि पुढच्या पिंजऱ्याची दोरी धरली.

सकाळची प्रार्थना झाली की धक्क्यावर यायचं आणि पिंजरे हलवायचे, हा तिचा नेम. ही कालवांची पिल्लं चर्चने सांभाळायला दिलेली. जरा वाढली की उपसागरात नेऊन सोडायची. मागच्या खेपेला नेम एकदाही चुकला नव्हता, तरी निम्मी गुदमरून मेली. रिकामे पिंजरे धक्क्यावर रचून ठेवताना शेजारचा ओडेल खेकड्यांची होडी थांबवून म्हणाला होता,

"मिस लॉरेना, सकाळी तुम्ही त्यांची तोंडं धुता आणि वरून वेंडेल त्यात खत कोंबतो. बिचाऱ्यांनी करायचं काय?"

"वेंडेलला जाऊन वर्ष होत आलं, ओडेल."

"तो गेला. त्याचं खत कुठे गेलंय?"

ती हसली होती. वेंडेल गेल्यापासून खत तीच टाकत होती, नवरा टाकायचा तसंच, आभाळ भरून आलं की. पाऊस पडायचा आणि निम्मं खत उतारावरून थेट खाडीत. तिथे शेवाळ माजायचं आणि कालवं गुदमरायची. पण इस्पितळात वेंडेलने तिचा हात धरून विचारलं होतं, "हिरवळ सांभाळशील ना?" आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली लॉरेना नव्हती.

या वसंतात खताचं पोतं शेडमध्ये तसंच राहिलं. तिने कुणाला सांगितलं नाही. रोज प्रार्थनेच्या शेवटी तेवढी वेंडेलची माफी मागायची. हिरवळ पिवळी पडली. पाण्याच्या कडेला गवत गुडघ्याएवढं झालं. आणि उताराच्या मधोमध वाळूचं टक्कल उघडं पडलं. वेंडेल जन्मभर तिथे माती नि बी टाकून ते झाकत आला होता.

मागे गाडीचं दार आपटलं. नणंद आली होती, व्हर्ना. गाडीत गवत कापायचं यंत्र, बियाणं आणि खताचं नवं पोतं.

"चर्चला जाताना रोज दिसतं मला हे. लाज वाटते गं! लोक म्हणत असतील, नवरा गेला आणि हिने अंगण वाऱ्यावर सोडलं."

"म्हणू देत."

"माझ्या भावाला शब्द दिला होतास ना?"

लॉरेनाने ओले हात एप्रनला पुसले. परत पुसले.

"दिला होता. मोडला, व्हर्ना."

व्हर्नाने यंत्र गाडीतून खाली ओढलं. "तू बस प्रार्थना करत. गवताचं मी बघते."

यंत्र धडधडत उतारावरून निघालं. लॉरेनाने पाठ फिरवली आणि शेवटचा पिंजरा ओढला. तो वर येतो न येतो तोच आवाज बंद पडला.

तिने वळून पाहिलं. व्हर्ना टकलापाशी उभी होती, ओठांवर बोट ठेवून.

ताटलीएवढं एक खाडीचं कासव मागच्या पायांनी वाळू उकरत होतं. अगदी सावकाश, घाई कसलीच नसल्यासारखं.

"अंडी घालतंय," लॉरेना जवळ येऊन कुजबुजली.

"कळतंय मला. आंधळी नाही मी." व्हर्नाचा आवाज मात्र उतरला होता. "आमच्या लहानपणी इथे नुसती वाळू होती. वेंडेल पोटावर पडून या कासवांना बघत बसायचा. आई हाका मारून मारून दमायची. मग बाबांनी हिरवळ केली. ही यायचीच बंद झाली."

"मला कधी बोलला नाही तो."

कासवाने खड्डा बुजवला, वर थोपटल्यासारखं केलं आणि उंच गवतातून ते पाण्याकडे निघून गेलं. गवत हलायचं थांबेपर्यंत दोघी तिकडेच बघत होत्या.

"कोल्हे उकरतील," व्हर्ना म्हणाली. "तुझा एखादा रिकामा पिंजरा दे."

लॉरेनाने पिंजरा आणून त्या जागेवर पालथा घातला. वर वजन हवं होतं. शेडमधून तिने वेंडेलचं खत पसरायचं लोखंडी गाडं ढकलत आणलं. दोघींनी मिळून ते उचलून पिंजऱ्यावर ठेवलं.

व्हर्नाने यंत्र परत गाडीत चढवलं; पोती तिथे होती तशीच राहिली. दार उघडून ती थांबली.

"पिल्लं निघायची वेळ झाली की हे उचलायला लागेल. रोज बघावं लागेल." ती टकलाकडे बघत होती. "सांभाळशील ना?"

लॉरेनाचे हात ओलेच होते. या वेळी ते पुसायचे राहून गेले.

"सांभाळीन," ती म्हणाली.