सगळ्यांचं झाल्यावर

"आई, वाटी ठेवलीय. बसा आता."

"बसते गं. ह्या चार भाकरी उतरू दे."

चार उतरल्या. मग आणखी चार. बाहेरच्या बाकावरून रोज जेवायला येणाऱ्या भिवाभाऊंचा आवाज आला, "मावशे, भाकरी येतीया का आमी कंपनीतच जाऊन खाऊ?" त्यावर आईंनी परातीतल्या पिठाला असा काही हात घातला, की मी समजले, वाटी आजही थंड होणार.

वाटीत मुगाचं मऊ वरण होतं, त्यात कुस्करलेलं पनीर. माझ्या मांडीवर तसलीच दुसरी वाटी होती, तेजूची. तिच्यात पनीरऐवजी भात. तेजूला नुकतं वरचं खायला घालायला लागलो होतो, आणि आईंचं वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांनाही पातळावरून घट्टावर आणायचं चाललं होतं. घरात एकाच वेळी दोघी जेवायला शिकत होत्या, नात आणि आजी. नात चमचा दिसला की तोंड उघडायची. आजीला खाली बसवणंच जमत नव्हतं.

आईंची काळेवाडीत खानावळ आहे. पुढच्या खोलीत बाकं, मध्ये स्वयंपाकाचा ओटा, पडद्यामागे आम्ही राहतो. परळीकडून इकडे आल्यावर माझ्या सासऱ्यांची, बाबांची कंपनी बंद पडली, तेव्हा आईंनी डबे सुरू केले, त्याची ही खानावळ झाली. चाकणला, भोसरीला कामाला जाणारी, घरापासून लांब राहणारी माणसं इथं जेवतात. बाबा गल्ल्यावर बसतात, डबे पोचवतात. माझा नवरा गणराज चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. मी आईंच्या हाताखाली.

लग्न होऊन आले तेव्हा जो तो मला सांगायचा, "तुझी सासू दिवसभर काही खात नाही गं, नुसत्या चहावर असते. तरी अंग कसं सुटतंय, देव जाणे." ते खरंच होतं. दिवसभर त्यांच्या तोंडात काही जात नसे. सगळ्यांची जेवणं झाली, की भांडी घासायला टाकायच्या आधी त्या एकेका पातेल्यापुढे बसत. तळाची आमटी, खाली लागलेला भात, वातड झालेल्या भाकरीचे तुकडे, सुट्टी टाकून गावाला गेलेल्या कुणाच्या डब्यातली भाजी. "टाकवत न्हाई गं," म्हणायच्या. ते जेवण कसलं, आवराआवरच ती. आणि रोजच्या रोज, ताटभर, घाईघाईत.

पुढे साखर वाढली. गुडघे गेले. जिना चढताना धाप लागायला लागली, झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, गणराजने हट्टच धरला. झालं ऑपरेशन. आम्हाला सगळ्यांना वाटलं, पोट लहान केलं की सुटलो. डॉक्टरांनी पोट लहान केलं खरं, पण बाकी सगळं आधी होतं तसंच होतं. भाकऱ्या तेवढ्याच, माणसं तेवढीच, आणि आई त्याच, ओट्यापाशी उभ्या.

थोडं खायचं पण वेळेवर. बसून. बारीक चावून. आधी डाळ, अंडं, पनीर आणि मग बाकीचं. जेवताना पाणी नाही. रोज चालायचं. एवढंच तर होतं सगळं.

त्यातलं चालणं त्यांना जमलं. म्हणजे त्यांनी ते जमवलं. सकाळचे डबे गेले की पिशवी घेऊन निघायच्या. रिकाम्या हातानं नुसतं चालायचं म्हणजे बाईला काम नाही, असं त्यांचं म्हणणं. "कुठं निघालात सुभद्राबाई?" असं कुणी दारातून विचारलं, की "कोथिंबीर बघते जरा" म्हणायच्या आणि मग खोटं पडू नये म्हणून खरंच घेऊन यायच्या. आमच्या घरात कोथिंबिरीचे ढीग झाले. भिवाभाऊ म्हणालेसुद्धा, "मावशे, भाजीत कोथिंबीर हाय का कोथिंबिरीत भाजी?"

हसायचो आम्ही. पण मला हसताना मोरीकडे कान ठेवायची सवय लागली होती. आई दुपारी उशिरा मोरीत जायच्या, नळ जोरात सोडायच्या आणि बराच वेळ बाहेर यायच्या नाहीत.

"काय झालं आई?"

"काय न्हाई. भांडं विसळते."

हातात भांडं नसायचं. मी बघायचे आणि तेजू रडायला लागली म्हणून निघून यायचे. रात्री गणराजला सांगायचं ठरवायचे. तो शिफ्टवरून येईपर्यंत मला झोप लागलेली असायची.

वाटी ओट्यावर थंड होत राहिली त्या दुपारी मी पडद्यामागे तेजूला थोपटत होते. बाहेर सामसूम झाली होती. परात पडल्याचा आवाज आला. तेजू दचकली. धावत गेले, तर आई सिलिंडरला टेकून खाली बसलेल्या. चेहरा पांढराफटक, एक हात छातीवर दाबलेला, ओठांच्या कडेला फेस, आणि दुसऱ्या हातात अर्धी भाकरी. कालची होती. वाटीतलं वरण जसंच्या तसं, वर साय धरलेलं.

"अडकलंय," एवढंच म्हणाल्या.

रिक्षात एका हातात तेजू, दुसऱ्या हातानं आईंना धरलेलं. त्यांचं अंग इतकं हलकं लागलं, की मला धडकीच भरली. ज्या वजनाला उतरवायला एवढं सगळं केलं, ते खरंच उतरलं होतं, आणि मला ते नको झालं होतं.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. कित्येक दिवस उलट्या चालल्या होत्या, अंगात पाणी उरलं नव्हतं. आहाराचं बघणारी मिनल म्हणून मुलगी आहे तिथं. ती खुर्ची ओढून आईंजवळ बसली.

"काकू, दुपारचं कधी जेवता?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"म्हणजे किती वाजता?"

"सगळ्यांचं झाल्यावर," आई पुन्हा म्हणाल्या, ह्याच्याहून सोपं काय सांगू, अशा सुरात.

"सगळे म्हणजे घरात किती जण?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "गिऱ्हाईक धरून सांगायचं का?"

मिनलला हसू आलं, ते तिनं गिळलं. "आणि शिळं खाता का?"

"आमच्याकडं शिळं ऱ्हातच न्हाई."

"का राहत नाही?"

आई चादरीची कड बोटांनी सारखी करत बसल्या.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. उलट्या अशाच चालू राहिल्या तर अंगाला लागणारी जीवनसत्त्वं मिळणार नाहीत, पायांतली ताकद जाऊ शकते, मग उभं राहणंही अवघड होईल. मी मान हलवत होते. तेजू त्यांच्या गळ्यातल्या तपासायच्या नळीला हात घालत होती. पायांतली ताकद. आईंचं सगळं आयुष्य त्या दोन पायांवर उभं राहण्यात गेलंय, दुसरं काय केलं त्यांनी?

घरी आल्यावर मी त्यांना पडद्यामागे बसवायला लागले. वेळ झाली की वाटी हातात द्यायची आणि भाकरीला मी उभी राहायचे. पण बाहेरून कुणी "भाकरी!" म्हटलं, की पडद्याखाली आईंचे पाय हललेले दिसायचे. तोंडातला घास न चावताच गिळून त्या उठायच्या. मग मोरी, मग नळ.

बाबा एकदा म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक ताटावर बसलंय आन् मालकीण आत जेवतीये. बरं दिसत न्हाई ते. लोक काय म्हणतील?"

"आणि उद्या आईंचे पाय गेले तर काय म्हणतील, बाबा?"

माझ्या तोंडून निघून गेलं. सासऱ्यांशी मी आजवर असं बोलले नव्हते. बाबा बाहेर गेले आणि गल्ल्याचा ड्रॉवर उगाच उघडझाप करत राहिले.

"त्यांना असं बोलू नगं, पोरी," आई म्हणाल्या. मग वाटीकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझ्या मायला मी कधी जेवताना पाह्यलंच न्हाई. जेवत आसंल, त्याबिगर का जगली? पर पाह्यलं न्हाई. आता मी आधी बसले की घास फिरतो तोंडात. भायेर लेकरं उपाशी हायेत, आन् मी खाते... चोरी केल्यावानी वाटतं."

तेजू चटईवर बसून आमच्या दोघींकडे टुकुटुकु बघत होती. तिला वरण भरवताना माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मीही चहावरच आहे.

गुरुवार आला. गुरुवारी बहुतेक कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे सगळे एकदमच येतात, आंघोळी करून, भांग पाडून, आरामात. बाकांवर जागा नव्हती. लापशीचा वास सुटला होता. आत पाळण्यात तेजूचा नुकता डोळा लागला होता. मी आमटी वाढत होते, आई तव्यापाशी.

त्यांची वेळ झालेली मला माहीत होती. त्यांनाही. पण बोलून बोलून मी थकले होते. त्या दिवशी काही बोलले नाही, नुसती वाटी ओट्यावर ठेवली.

आईंनी गोळा घेतला, थापायला लागल्या आणि भाकरी मधोमध चिरली. त्यांनी ती मोडून पुन्हा मळली. पुन्हा चिरली. थापीला जोर लागत नव्हता. कपाळावर घाम आला होता. आईंची भाकरी कधी चिरत नाही. त्या पिठाकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या हातांकडे. बाहेर दोघातिघांनी एकदमच "भाकरी!" म्हटलं.

आईंनी गॅस बंद केला. हात धुतले, पदराला पुसले. वाटी उचलली.

मला वाटलं, पडद्यामागे जातील. त्या पुढच्या खोलीत गेल्या. भिवाभाऊंच्या बाकापाशी उभ्या राहिल्या.

"सरक रे जरा."

भिवाभाऊ सरकले, तोंड उघडंच. आई बसल्या. समोर भाकरीची वाट बघणारी ताटं, त्यांच्या हातात भरलेली वाटी.

बाबा गल्ल्यावरून अर्धे उठले. "अगं, काय हे..."

"माझी येळ झालीय," आई म्हणाल्या. कुणाकडेही न बघता.

त्यांनी पहिला घास घेतला. मान खाली घालून चावायला लागल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी ओट्याला धरून उभी होते. आता उठतील. आता हात तोंडावर जाईल, मोरीकडे धाव घेतील, आणि मग ह्या बाकावर त्या पुन्हा कधी बसणार नाहीत. कुणाच्या तरी मोबाइलवर कसलासा व्हिडिओ चालू होता, तो बंद झाला. पलीकडच्या बाकावरच्या नव्या माणसाला काही कळेना. तो म्हणाला, "भाकरी संपली का?"

"गप ए," भिवाभाऊ म्हणाले. "मावशी जेवतीया, दिसंना व्हय?"

दुसरा घास. मध्ये थांबल्या. घास खाली उतरेपर्यंत डोळे मिटून बसल्या. तिसरा. पंखा तेवढा खडखडत होता. एवढी माणसं भुकेली बसली होती आणि कुणी घोटभर पाणीसुद्धा पीत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, हे घास त्यांच्यासाठी किती अवघड असतील, लग्नातसुद्धा इतक्या पुरुषांसमोर त्या जेवल्या नसतील.

अर्धी वाटी झाली आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. "बास."

त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, "आई, लगेच नाही उठायचं. बसा जरा."

बसल्या.

मी गॅस पेटवला. माझी पहिली भाकरी एका बाजूला जाड झाली, दुसरीला कडेनं चिरा पडल्या. वाढायला वळले, तर बाबा दारात उभे. त्यांनी माझ्या हातातून टोपली घेतली आणि स्वतः बाकांवरून वाढत निघाले. त्यांना सवय नव्हती, एकाला दोनदा वाढली, एकाला विसरलेच. भिवाभाऊंनी भाकरी हातावर फिरवून बघितली.

"सूनबाई, ह्या भाकरीला कोपरं हायती."

सगळे हसले. आईंच्याही तोंडावर काहीतरी हललं. पण माझ्या भाकरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, उठून आल्या नाहीत. त्या तिथेच बसून होत्या, पाठ ताठ करून, आपण न केलेलं जेवण माणसं जेवताना बघत. फक्त बाकावर ठेवलेल्या उजव्या हाताची बोटं हळूहळू गोल फिरत होती, लाकडावर थापत, थापत.