बाविसावी खेळी

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार बुद्धिबळाची स्पर्धा होती आणि ती सर्व स्तरांतल्या खेळाडूंना खुली होती. म्हणजे ज्यांना घोडा कसा चालतो एवढंच माहीत होतं ते, आणि ज्यांना त्याशिवाय आयुष्यात दुसरं काही माहीत नव्हतं ते, असे सगळे एकाच खोलीत, एकसारख्याच पाठ धरणाऱ्या खुर्च्यांवर बसणार होते. चष्मेवाला या दोन टोकांच्या मधे कुठेतरी होता. दिवसभर दुकानात लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणायचं आणि दुपारी सामसूम झाली की काउंटरखालचा पट काढून एकट्यानंच दोन्ही बाजूंनी खेळायचं, हा त्याचा वीस वर्षांचा सराव. अशा सरावात माणूस रोज जिंकतो.

बाकी चौतीस खेळाडूंशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त साडूला हरवायचं होतं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होता आणि तिथे सारखा वरच जात होता. बारा वर्षांत त्यानं चष्मेवाल्याला बॅडमिंटनमध्ये हरवलं होतं, पत्त्यांत हरवलं होतं, मुलांच्या मार्कांत हरवलं होतं, आणि डोक्यावरचे केस टिकवण्यात तर चष्मेवाल्यानं सामना केव्हाच सोडून दिला होता. हरवल्याचं साडूला कधी वाईट वाटायचं नाही, आणि विसरही पडायचा नाही.

पंच होते दोघांचेही सासरे. वजनमापे खात्यातून निवृत्त, साऱ्या बाजाराचे तराजू तपासून झालेला माणूस. सासरे पंच म्हणजे वशिला आलाच, असं कुणीतरी कुजबुजलं. पण जावई दोन असल्यामुळे वशिला आपोआप फिटत होता. शनिवारी सकाळी त्यांनी नियम वाचून दाखवले. हात लावलेली सोंगटी हलवावीच लागेल. तीस खेळ्या झाल्याशिवाय आपसांत बरोबरी करता येणार नाही. प्रत्येक खेळी कागदावर नोंदवायची, पण आधी पटावर खेळून मगच.

हा शेवटचा नियम चष्मेवाल्याच्या मुळावर आला. आधी नंबर लिहायचा आणि मग काच घासायची, ही हाताला लागलेली सवय. अक्षर मात्र छापल्यासारखं. काच घासणाऱ्यानं चुकीचं वाचून कसं चालेल? पहिल्याच फेरीत सासरे मागे येऊन उभे राहिले.

“जावईबापू, आधी चाल, मग कागद.”

“चुकलं, बाबा.”

“इथे बाबा नाही. पंच. ही पहिली ताकीद.”

रविवारी दुपारपर्यंत चार फेऱ्या झाल्या. दोन्ही जावयांचे दोन-दोन गुण झाले, आणि शेवटच्या फेरीची यादी भिंतीवर लागली तेव्हा अकराव्या टेबलावर त्यांचीच जोडी होती. चष्मेवाला यादीसमोर उभा असतानाच बायकोचा फोन आला.

“पडली ना गाठ?”

“तुला कसं कळलं?”

“धाकटीचा फोन आला होता. आमचं दोघींचं ठरलंय. बरोबरी करायची.”

“तुमचं ठरलंय? अगं, खेळणार आम्ही!”

“आणि संध्याकाळी बाबांकडे एका टेबलावर जेवणार आपण सगळे. मागे पत्त्यांवरून आठ महिने दोघं एकमेकांशी मुलांकरवी बोलत होतात. आईला केवढा ताप झाला होता. नको बाई परत.”

“आणि समज, मी जिंकत असलो तर?”

 

“तसं झालं तर बघू हं,” बायको म्हणाली. चंद्रावर जायचं म्हणणाऱ्या मुलाला ज्या आवाजात होकार देतात, त्या आवाजात. “पण शब्द द्या.”

त्यानं दिला.

साडू आधीच येऊन बसला होता. “काय साडूभाऊ, वरून आदेश आला ना?”

“आला.”

“मग तीस खेळ्या वेळ काढू. मधे डुलकी लागली तर सांगा, घड्याळ मी बघतो.”

पुढच्या वीस खेळ्या समोरासमोरच्या गॅलऱ्यांतल्या शेजाऱ्यांसारख्या झाल्या. कुणी कुणाच्या घरात शिरलं नाही. साडूचं अर्धं लक्ष शेजारच्या टेबलावर होतं. तिथे नऊ वर्षांची एक मुलगी एका निवृत्त मुख्याध्यापकांना शांतपणे संपवत होती. एकविसाव्या खेळीला साडूनं तिकडे बघत बघतच वजीर उचलला, दोन घरं पुढे ठेवला आणि घड्याळ दाबलं.

वजीर चष्मेवाल्याच्या घोड्याच्या थेट तोंडात होता. त्याला कुणाची राखण नव्हती, आणि त्यात सापळाही नव्हता. चष्मेवाल्यानं तीनदा तपासून पाहिलं. आणि हातानं सवयीनं आपलं काम केलं: पेन उचललं आणि डाव्या हाताच्या आडोशानं बाविसाव्या ओळीत लिहिलं. घोड्याचं अक्षर, मारल्याची फुली, वजीर उभा होता त्या घराचा आकडा.

मग तो चार मिनिटं बसला. त्या चार मिनिटांत पटावर पाहण्यासारखं काही नव्हतं. त्याला दिसत होतं ते जेवणाचं टेबल, सासूबाईंचा चेहरा, आणि ‘बाबांना सांग, काकांना म्हणावं’ अशी निरोपांची पोस्टमनकी करणारी मुलं. शब्द दिला नसता तर बरं झालं असतं, पण दिला होता. त्यानं लिहिलेल्यावर एक सरळ रेघ मारली आणि कडेचं प्यादं एक घर सरकवलं.

एव्हाना साडूचं लक्ष पटावर आलं होतं आणि कान लालबुंद झाले होते. प्यादं सरकताच त्यानं वजीर घाईघाईनं घरी नेला. असा वजीर आपल्याला मिळाला असता तर शब्द-बिब्द कुठल्या कुठे गेला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा समोरच्याला तो दिसलाच नाही, यापलीकडे दुसरं कारण त्याला सुचलं नाही.

तिसाव्या खेळीनंतर हस्तांदोलन झालं. एकमेकांच्या कागदांवर सह्या झाल्या. साडूनं न बघताच केली. सासऱ्यांनी कागद घेतले, चष्मा नाकावर खाली घेतला, मग वर केला, आणि ते फायलीत लावले.

संध्याकाळी जेवताना साडूची जीभ सैल सुटली.

“वजीर! अख्खा वजीर ठेवला होता मी यांच्या पुढ्यात. चार मिनिटं विचार केला यांनी, चार! आणि सरकवलं काय, तर प्यादं! चष्म्याचं दुकान आहे हो यांचं!”

मुलं खिदळली. धाकटी हसू दाबताना ठसकली. “थकले असतील हो,” सासूबाई म्हणाल्या, आणि चष्मेवाल्याला हेच सगळ्यांत जास्त लागलं.

बायकोनं हळूच विचारलं, “खरंच नाही दिसला?”

“पाणी दे,” चष्मेवाला म्हणाला. दिसला होता असं नंतर सगळेच म्हणतात. बारा वर्षांत त्यानं स्वतः ते दोनदा म्हणून पाहिलं होतं.

सासरे उठले, हात धुऊन आले आणि येताना फाइल घेऊन आले.

“कागद उद्या जमा करायचेत. त्याआधी एक राहिलंय.” ते चष्मेवाल्याकडे वळले. “जावईबापू, दुसरी ताकीद. आधी लिहून मग खेळणं. बाविसावी खेळी.”

“बाबा, आता जेवताना कशाला?” धाकटी म्हणाली.

“नियम आहे.” त्यांनी कागद साडूच्या ताटाशेजारी ठेवला. “खाली तुमचीही सही आहे. बघून घ्या.”

साडूनं कागद उचलला. बाविसावी ओळ वाचली. पुन्हा वाचली. रेघ एकच होती आणि तिच्याखालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याचे कान दुपारच्याच रंगाचे झाले.

“काय लिहिलंय हो?” धाकटीनं मान पुढे काढली.

साडूनं कागदाची घडी घातली.

“अक्षर लागत नाही,” तो म्हणाला. त्या घरात आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, असं त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

सासरे ताटावर परत बसले. बायकोनं एकदा घडी घातलेल्या कागदाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि न मागता त्याला आणखी वाढलं.

“नंबर बदलला असेल,” चष्मेवाला साडूला म्हणाला. “उद्या दुकानात या. दुपारी गर्दी नसते.”