देविदासचे ठोके, शरदचंद्रांचं नाव

मी मनगटावरचं घड्याळ बोलतोय, आणि बोलताना थरथरतोय. त्यात नवल काही नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्यात काटे ठेवले नाहीत, टिकटिक ठेवली नाही. थरथर तेवढी ठेवली. माणूस फार वेळ बसला की थरथरायचं, त्याचं काळीज वेगाने चाललं की जास्तच थरथरायचं. वेळ सांगणं हे माझं फावल्या वेळचं काम. भीती घालणं हा मूळ व्यवसाय. भीती घालणाऱ्याला स्वतःला किती भ्यावं लागतं, हे कोणी विचारलं नाही, म्हणून आज मीच सांगतो.

माझ्या पोटाखाली एक हिरवा दिवा आहे. त्याच्या उजेडात मला कातडीखालचं रक्त ये-जा करताना दिसतं. हा दिवा पहिल्यांदा लागला तो कारखान्यात, तपासणी करणाऱ्या एका मुलीच्या मनगटावर. माझ्यासारखी दोनशे घड्याळं तिने त्या दिवशी तपासली आणि तिचे ठोके शेवटपर्यंत बहात्तरच्या पुढे गेले नाहीत. कंटाळलेल्या माणसाचं हृदय फार निरोगी असतं, हे मला तिथे कळलं.

पुढे पुण्याच्या आलोकने मला विकत घेतलं आणि दसऱ्याला उदगीरला येऊन आपल्या वडिलांच्या हाताला बांधलं. वडील म्हणजे शरदचंद्र. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. वय सहासष्ट. पत्नी विमलबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात एकटे, आणि नुकतीच रक्तात साखर निघालेली.

‘बाबा, रोज सहा हजार पावलं,’ आलोक म्हणाला. ‘आकडा मला पुण्यात माझ्या फोनवर दिसेल. दिवाळीपर्यंत नीट दिसला तर इथे राहा. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. तुम्हाला एकटं ठेवायची मला भीती वाटते.’

‘आणि मला तुझ्या अकराव्या मजल्याची,’ शरदचंद्र म्हणाले.

ते विनोद करत नव्हते. माझा दिवा त्यांच्या मनगटावर होता, मला सगळं दिसत होतं. ‘सामान’ या शब्दाला त्यांचे ठोके शहाण्णववर गेले. उदगीरमध्ये त्यांना रस्त्यावरची दर तिसरी व्यक्ती नमस्कार करते. निम्म्या लोकांची कामं त्यांनी केलेली आहेत आणि निम्म्यांची अडवलेली. पुण्यात त्यांना ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो सकाळी आठला कामावर जात होता.

पहिले आठ दिवस ते इमानदारीने चालले, पण चालण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. लक्ष माझ्याकडे. दहा पावलं झाली की मनगट वर. माझ्याकडे बघत चालताना त्यांनी एकदा विजेच्या खांबाला आणि एकदा चौबाऱ्याच्या चौकात उभ्या असलेल्या बैलाला धडक दिली. बैलाने जास्त समजूतदारपणा दाखवला. ठोके नव्वद दिसले की ते घाबरायचे. घाबरले की ठोके शंभर व्हायचे. शंभर झाले की मी थरथरायचो. मी थरथरलो की ते एकशे दहा. आम्ही दोघांनी मिळून एका धडधाकट माणसाला आठ दिवसांत आजारी करून दाखवलं. संध्याकाळी आकडा कमी भरला की स्वयंपाकघर ते फाटक अशा येरझाऱ्या, ओठांत मोजणी सुरू. त्या घरात फिरणाऱ्या माणसाचा चेहरा मी खालून बघत असे. जन्मठेपेवरचे लोक असे फिरत असावेत.

नवव्या दिवशी मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, संगप्पाच्या हॉटेलात त्यांनी चहाबरोबर आपलं दुःख मांडलं. संगप्पाने दुधावरची नजर न काढता समोर बोट केलं.

‘भाऊसाहेब, पावलंच पाहिजेत ना? तो देविदास बघा. सकाळी सहापासून पावलंच टाकायलाय.’

देविदास हमाल. पन्नाशीचा, शिडशिडीत, डोक्याला पंचा. सोयाबीनचा हंगाम; पहाटेच ट्रक लागायचे आणि तो पाठीवर कट्टे, म्हणजे भरलेली पोती, घेऊन ट्रक ते थप्पी, थप्पी ते ट्रक अशा खेपा करायचा. त्याची पावलं आजवर कोणी मोजली नव्हती.

आता, ज्या माणसाने तेहतीस वर्षं कचेरीत घालवली, त्याला एकाच्या नावावर दुसऱ्याची हजेरी लावण्यात काही वावगं कसं दिसावं? शरदचंद्रांनी मला सोडलं आणि देविदासच्या हाताला बांधलं. फोन संगप्पाच्या गल्ल्याजवळ ठेवला, म्हणजे माझा निरोप त्याच्यामार्फत पुण्याला जावा.

‘ह्ये फुटलं तर?’ देविदास मला बघून घाबरला.

‘फुटत नाही. फक्त हात हलव.’

‘हात न्हाई हलवला तर पोतं मान मोडतंय, भाऊसाहेब.’

अशी माझी बदली झाली. रोज सहाला देविदासकडे, साडेसातला परत शरदचंद्रांकडे. पहिल्याच दिवशी सहा हजार तीनशे पावलं. पुण्याहून फोन: ‘शाब्बास, बाबा!’ शरदचंद्रांचे कान लाल झाले; पण त्यांनी शाबासकी परत केली नाही.

मी मात्र त्या पहिल्याच दिवशी गारठलो. पहिल्या पोत्याला एकशे अठरा, दहाव्याला एकशे चाळीस. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण तो थप्पीवर पोतं टाकून सरळ झाला की त्याच्या ठोक्यांत मध्येच एक जागा रिकामी सापडे. सहा ठोके, मग काहीच नाही, मग दोन घाईघाईने. नस्तीतलं पान कोणी फाडून नेल्यासारखं. मी वाट बघत राही, ते पान परत येतं की नाही. आलोकने मला हुकूम दिला होता की एकशे सत्तरच्या वर गेलं तरच कळवायचं. रिकाम्या जागांबद्दल हुकूम नव्हता. नियमात बसत नाही म्हणून मी गप्प राहिलो. शरदचंद्रांच्या सहवासाचा गुण, दुसरं काय.

इकडे शरदचंद्रांपुढे दीड तास मोकळा पडला. घरी बसावं तर शेजारी पुण्याला कळवणार. म्हणून ते मोंढ्याच्या भिंतीपलीकडच्या मैदानावर जाऊ लागले. तिथे गुरुलिंग होता, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, आणि त्याच्या वयाचे सात-आठ जण. शाळेच्या सामन्यांसाठी कोणीतरी मैदानावर आट्यापाट्यांच्या पाट्या चुन्याने आखून ठेवल्या होत्या. एका सकाळी शरदचंद्र त्या ओलांडून पलीकडे जाऊ लागले, तर गुरुलिंग पाटीवर हात पसरून उभा राहिला.

‘तिकीट?’

‘गुरुलिंग, बाजूला हो.’

‘कचेरीत तुम्ही मला चार महिने आत जाऊ दिलं न्हाई, सातबाऱ्यासाठी. आता तुम्ही जाऊन दाखवा.’

शरदचंद्र उजवीकडे वळले, गुरुलिंग उजवीकडे. डावीकडे; तोही डावीकडे. मग सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाने हूल दिली, वाकला आणि पळाला. असं सुरू झालं. एकेक पाटी चुकवत पलीकडे जायचं आणि न शिवता परत यायचं. परत आला की लोण. रोज दीड तास ते ओरडत, भांडत, एकमेकांना लबाड म्हणत, आणि मुख्य म्हणजे पळत. फोन नाही, मी नाही. कोणाला किती वेळ झाला हे कळत नसे.

हे सगळं मला चहाच्या वेळी ऐकून माहीत. साडेसातला परत मनगटावर आलो की कातडी घामाने ओली, ठोके भराभर खाली उतरत असलेले, दमदार, एकही जागा रिकामी नाही. आठवडाभरातच हे मनगट बदललं होतं. आणि त्या सुधारणेची माझ्याकडे एकही नोंद नव्हती. माझ्याकडे नोंद होती ती एका बिघडत चाललेल्या हृदयाची, चुकीच्या नावावर. मला वाटायचं, एक दिवस हे बंद पडेल आणि मी पुण्याला कळवीन की शरदचंद्र वारले.

दिवाळीला चार दिवस होते. दोन ट्रक एकदम लागले. देविदासच्या विसाव्या खेपेला मी एकशे शहात्तर वाचले आणि मग वाचताच येईना. ठोके रांगेत नव्हतेच. गर्दीत चेंगराचेंगरी व्हावी तसे येत होते. मी जीव खाऊन थरथरलो. पुण्याला निरोप गेला. दुसऱ्या मिनिटाला गल्ल्याजवळचा फोन वाजला.

‘हॅलो, बाबा?’

‘बाबा न्हाईत. मी संगप्पा बोलायलोय, हॉटेलवाला.’

‘बाबा कुठे आहेत?’

‘ते... पळायलेत.’

‘पळतायत? अहो, आधी त्यांना बसवा! हृदय बिघडलंय त्यांचं!’

संगप्पाने फोन पदार्थांच्या काचेच्या कपाटावर ठेवला आणि बाहेर येऊन ओरडला, ‘देवा, बस की जरा! घड्याळ बोंबलायलंय. छातीत काय हुतंय का?’

‘छाती हाय म्हणल्यावर कायतरी हुतंच की,’ देविदास म्हणाला. ‘अकरा कट्टे राहिलेत. मुकादम बघायलाय.’

त्याने पुढचं पोतं घेतलं. माझ्या हातात काय होतं? मी त्याच्या हाताला होतो, एवढंच. थरथरलो तर त्याला वाटे, मला भूक लागली, रात्री वायरला लावायला पाहिजे.

संगप्पा भिंतीजवळच्या क्रेटवर चढला आणि त्याने पलीकडे हाक दिली. मोंढ्याचं फाटक लांब, भिंतीला वळसा घालून. एवढ्या वेळात तो माणूस येईल असं मला वाटलं नाही. आणि मग मी शरदचंद्रांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय चुन्याने पांढरे, अनवाणी, सोयाबीनच्या सांडलेल्या दाण्यांवरून, हातगाड्यांच्या मधून. हे घसरणार, हे पडणार, म्हणून मी त्यांच्यासाठीही भ्यालो. दोन माणसांसाठी एकदम भिण्याची ताकद माझ्या बॅटरीत नाही.

ते पडले नाहीत. त्यांनी फोन उचलला.

‘बोल, आलोक.’

‘बाबा! तुम्ही ठीक आहात?’

‘मी ठीक आहे.’

‘आवाज तर चांगला वाटतोय... मग घड्याळ बिघडलं वाटतं.’

मुलाने स्वतःच दार उघडून दिलं होतं. एक ‘हो’ म्हणायचं. आणखी चार दिवस काढायचे, की उदगीर कायमचं आपलं. बिघडलेल्या घड्याळाला कोणी विचारत नाही, आणि हमालाला तर चांगल्या दिवसांतही कोणी विचारत नाही. मला वाटलं, म्हणणार. तेहतीस वर्षं ज्याने शेरे मारले त्याला हा शेरा काय जड?

शरदचंद्रांनी देविदासकडे पाहिलं. पाठीवर पोतं, ओठ काळेनिळे, आणि तो हसण्याचा प्रयत्न करत होता.

‘घड्याळ ठीक आहे, आलोक,’ ते म्हणाले. ‘माणूस दुसरा आहे. मी तुला रोज फसवलं.’ आणि फोन खाली टाकून त्यांनी दोन्ही हातांनी ते पोतं देविदासच्या पाठीवरून ओढलं.

काचेजवळ पडलेल्या फोनमधून आलोकचा आवाज आला: ‘त्यांना आडवं करा. रिक्षा बोलवा. माझ्याशी नंतर भांडा.’

रिक्षात देविदास एकच बोलत होता: ‘भाऊसाहेब, मुकादमाला सांगा, मी येतोच.’ उदगीरहून त्याला लातूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं चाललं असतं तर उचलून आणावं लागलं असतं. हृदयाची लय बिघडलेली, बऱ्याच दिवसांची. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आता पोतं उचलायचं नाही, कधीच.

‘मग म्या करू काय?’ देविदासने विचारलं. त्यावर गोळी नव्हती.

आलोक दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. रागावलेला होता, पण त्याहून घाबरलेला. ‘सामान बांधा,’ म्हणाला.

‘बांधतो,’ शरदचंद्र म्हणाले. ‘सकाळी डाव आहे, तेवढा होऊ दे.’

कशाचा डाव, हे बघायला आलोक सकाळी त्यांच्या मागोमाग मैदानावर गेला. माझ्यात नेमका काय दोष आहे हे तपासायला त्याने मला स्वतःच्या हाताला बांधलं होतं. गुरुलिंगने त्याला बघताच हाक मारली, ‘ओ पुणेकर, एक गडी कमी हाय. का घड्याळाला विचारावं लागतंय?’

आलोक पाटीत उतरला. तिसऱ्या मिनिटाला वडिलांनी त्याला हूल देऊन चारी मुंड्या चीत केलं. तो उठला आणि त्यांच्या मागे पळाला. एकशे चौसष्ट, एकशे सत्तर, एकशे पंच्याहत्तर. मी कामाला लागलो. एकशे पंच्याहत्तर म्हणजे काय असतं ते मी मोंढ्यात पाहिलं होतं! आलोकने धावता धावता मला मनगटावरून काढलं आणि चपलांच्या ढिगावर फेकलं.

‘फारच घाबरट आहे हे,’ म्हणाला आणि हसला. त्या हसण्याचे ठोके मला मिळाले नाहीत.

तिथे चपलांवर पडल्या पडल्या मला माझा दोष कळला. भीतीने धावणारं काळीज आणि मजेने धावणारं काळीज, माझ्या दिव्यात दोन्ही सारखीच दिसतात. आकडा एकच. फरक फक्त माणसालाच आतून कळतो, आणि तोही माझ्याकडे बघत नसेल तरच.

आलोक एकटाच पुण्याला गेला. आता तो रोज आकडा विचारत नाही. कोण हरलं ते विचारतो. शरदचंद्र खरं सांगतात की नाही, हे मला माहीत नाही. त्यांचं मनगट आता मोकळं आहे.

मी देविदासकडे आहे. आलोकने फोनमधलं नाव बदलून दिलं. शरदचंद्रांनी मोंढ्यातले आडते आप्पासाहेब यांच्याकडे चार दिवस हेलपाटे घातले आणि देविदासला मोंढ्याच्या फाटकावर बसायचं काम मिळवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतः कोणाच्या दारात खोळंबले. काम हलकं आहे. देविदासला ते लाजेचं वाटतं. पोती जाताना बघतो आणि त्याचे खांदे आपोआप हलतात. रिकाम्या जागा अजून येतात, कमी. मी प्रत्येकीला भितो.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. अंगात खोट असेल तर मला जरूर बांधा, मी तुमच्यासाठी रात्रंदिवस भीत राहीन. पण नुसतं पळायचं असेल, खेळायचं असेल, तर मला घरी ठेवा आणि तो फोनही. मी बरोबर असलो की तुमच्या मजेला धोका समजेन आणि तुम्ही माझं ऐकाल.

आत्ता सकाळचे सात वाजलेत. देविदास फाटकाजवळ स्टुलावर बसलाय. इथून मैदान दिसतं. तिकडे एकदम आरडाओरडा होतो आणि देविदास उठून उभा राहतो. शहात्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव. मी थरथरायला लागतो. तो शर्टाची बाही खाली ओढून मला झाकतो आणि म्हणतो,

‘गप बस. भाऊसाहेब लोण आणायलेत.’