शुद्धीचं अंडं

महाळुंगे पडवळात हल्ली सकाळची रांग देवळापुढे लागत नव्हती, संडासांपुढे लागत होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या पोटात कळ होती आणि चेहऱ्यावर भक्ती.

हा सगळा चमत्कार सावळेराम महाराजांच्या काळ्या कोंबड्यांचा. त्यातल्या एकीचं कच्चं अंडं संध्याकाळी प्यायलं की सकाळपर्यंत सगळं पाप धुऊन बाहेर! "पोट दुखतंय? पाप सुटतंय! जास्त दुखतंय? मंग मागच्या जन्माचं आसंल!" महाराजांकडे उत्तर तयारच असायचं.

मंगलची सासू साळुबाई परवा पिळून काढलेल्या फडक्यासारखी झाली होती. तरी, "लई पाप व्हतं गं माझं," असं आल्यागेल्याला अभिमानाने सांगत होती. तिथवर मंगलने सोसलं. पण आज साळुबाई चार वर्षांच्या नातीला, संस्कृतीला, अंडं पाजायला घेऊन निघाली, तेव्हा मंगलला राहवेना. एवढ्याशा पोरीने कसलं पाप केलं असणार? ती तशीच मागोमाग धावली.

महाराजांच्या ओट्यावर आधीच वाद पेटला होता. गावोगावच्या कोंबड्यांमधले जंतू तपासत फिरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टर वैजयंती तिथे उभ्या होत्या. मागच्या आठवड्यात त्यांनी काळ्या कोंबड्यांच्या मागच्या बाजूला कापसाची काडी फिरवली, तेव्हा सगळं गाव पदर तोंडात धरून हसलं होतं.

"तपासणीत सापडलंय," त्या सांगत होत्या. "ह्या कोंबड्यांच्या पोटात साल्मोनेला नावाचे जंतू आहेत. ते अंड्यातून तुमच्या पोटात जातात, म्हणून हे जुलाब. लहान मुलाच्या तर जिवावर बेतेल. अंडं नीट शिजवलं की जंतू मरतात."

"जंतू न्हाई, ती शक्ती हाय!" महाराज गरजले. "शक्ती कदी मरत नसती!"

महाराजांचा नाश्ता रोज मंगलच्याच चुलीवर व्हायचा. ती गर्दीतून पुढे झाली.

"मंग म्हाराज, ह्याच कोंबड्यांच्या अंड्यांचं आमलेट तुमी रोज खाता. वर म्हनता, 'मंगल, खरपूस भाज, कच्चं ठिवू नको.' आन तुमाला त्या रांगेत कदी पायलं न्हाई!"

सगळ्यांच्या माना महाराजांकडे वळल्या. महाराज चाचरले, "आमचं पाप... संपलंय."

"संपलंय तर भ्यायचं काय?" साळुबाईने नातीसाठी फोडलेल्या अंड्याची वाटी महाराजांच्या मिशांना लावली. "घ्या, आदी तुमी."

महाराजांनी वाटी बघितली, पलीकडचे संडास बघितले, आणि धोतर सावरत कळंबच्या रस्त्याला लागले. घाईत कोंबड्या न्यायच्यासुद्धा राहिल्या.

"मंजी माझं पाप न्हवतंच?" साळुबाई जरा हिरमुसली.

"न्हाई आत्या. कोंबडीची घाण व्हती ती."

मंगलने संस्कृतीला उचलून कडेवर घेतलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मंडळी, अंडं शिजवून खा, हात साबणाने धुवा. आणि तुमच्या लेकराला कुणी कच्चं पाजायला आला, तर तो स्वतः काय खातो, एवढं आधी विचारा.